टर्मिनलमध्ये मराठी मजकूर आला की चौकटीची उजवी कड वाकडी का होते, आणि ती सरळ कशी करायची

लक्षण ओळखीचं आहे. एनकर्सेस, रॅटाटुई, बबल टी, टेक्स्चुअल, यांपैकी टर्मिनलमध्ये खिडक्या आणि याद्या काढणाऱ्या कुठल्याही लायब्ररीवर एक साधी यादी उभी केली, भोवती चौकट काढली आणि इंग्रजी डेटा टाकून पाहिला, तर सगळं सुतासारखं सरळ. मग त्याच यादीत मराठी नावं आली आणि उजवी कड ओळीगणिक मागेपुढे व्हायला लागली. कुठे एक सेल (टर्मिनलमधली एका अक्षराची जागा) बाहेर, कुठे दोन सेल आत, एखाद्या ओळीत तर पार मधोमध. यादी वरखाली सरकवली की जुन्या अक्षरांचे तुकडे मागे चिकटून राहतात. कुणीतरी दोन स्पेस वाढवून तेवढी ओळ जागेवर आणतं, नवा डेटा येतो आणि तीच तक्रार पुन्हा उघडते.

ती पुन्हा पुन्हा उघडते, कारण एकसारख्या दिसणाऱ्या चार-पाच वेगळ्या चुका एकाच नावाखाली नोंदवल्या जातात आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. पण कड किती सेल सरकली आणि कुठल्या बाजूला सरकली, एवढं नीट मोजलं तर यातली नेमकी कुठली चूक आहे ते सांगता येतं. स्पेसा भरून बघण्याआधी हे मोजमाप करा, असा माझा आग्रह आहे. पाच ओळींचा प्रोग्राम पुरतो.

एकाच शब्दाच्या चार लांब्या

‘किंमत’ हा शब्द घ्या. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेलं प्रत्येक अक्षर किंवा खूण, ३ बाइट घेतो, आणि या शब्दात क, पहिली वेलांटी, अनुस्वार, म, त असे ५ कोडपॉइंट आहेत. म्हणजे बाइट १५. वाचणाऱ्याला मात्र किं, म, त अशी ३ अक्षरं दिसतात. आणि लिनक्सवरच्या जीलिबसी या मूळ सी लायब्ररीला याची रुंदी विचारली तर उत्तर येतं ४.

हा ४ कुठून आला ते समजून घेणं महत्त्वाचं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या सेलांची जाळी. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० वर ८० कॉलम आणि २४ ओळी होत्या आणि एका सेलमध्ये एक अक्षर बसायचं. आजचे टर्मिनल एम्युलेटर अजून तीच जाळी पाळतात. कुठला कोडपॉइंट किती सेल खातो हे ठरवायला पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणकात डब्ल्यूसीविड्थ नावाचं फंक्शन आहे. ते ०, १ किंवा २ असं उत्तर देतं, आणि अक्षर छापण्याजोगं नसेल तर उणे १.

आपल्या खुणांचे युनिकोडने दोन गट केलेले आहेत. उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू, ऋकार आणि पाय मोडल्याची खूण या जागा न घेणाऱ्या खुणा. जीलिबसी त्यांची रुंदी ० धरतं. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग या जागा घेणाऱ्या खुणा, त्यांची रुंदी जीलिबसीत १. म्हणून ‘किंमत’मधला क १, वेलांटी १, अनुस्वार ०, म १, त १, एकूण ४.

पण जागा घेणाऱ्या खुणांना १ द्यावा की ०, यावर सगळ्यांचं एकमत नाही. अक्षराला एकसंध गट मानणारी टर्मिनलं आणि लायब्रऱ्या ‘रा’ एका सेलमध्ये बसवतात, प्रत्येक कोडपॉइंट सुटा मोजणारी दोन सेल देतात. पायथनच्या डब्ल्यूसीविड्थ पॅकेजमध्ये तर आवृत्ती बदलली तसं देवनागरीच्या बाबतीतलं हे उत्तरही बदललेलं आहे. इथे कुणा एकाला दोषी ठरवून उपयोग नाही. अक्षरांच्या रुंदीबद्दलचा युनिकोडचा जो दस्तऐवज आहे, परिशिष्ट क्रमांक ११, तो मुळात पूर्व आशियाई लिप्यांसाठी आहे, आणि आधुनिक टर्मिनल एम्युलेटरांनी त्यातला गुणधर्म जसाच्या तसा वापरू नये असं त्यातच लिहिलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा. लायब्ररी पडद्याचं एक चित्र स्वतःजवळ ठेवते. कुठल्या सेलमध्ये काय आहे, कर्सर कुठे आहे, हे ती आपल्या रुंदीच्या सारणीवरून ठरवते. ‘हा शब्द तू किती सेलांत बसवलास’ असं ती टर्मिनलला विचारत नाही. टर्मिनल स्वतःच्या सारणीने चालतं. दोन सारण्यांत फरक पडला की त्या ओळीतलं पुढचं सगळं सरकतं, आणि कड सगळ्यात शेवटी असल्यामुळे ती सरकलेली आधी डोळ्यांत भरते.

चार शब्दांची चाचणी

एक छोटा प्रोग्राम लिहा. पाच ओळी छापायच्या. प्रत्येक ओळीत डावीकडे एक शब्द, तो तुमच्या नेहमीच्या पद्धतीने २० सेलांपर्यंत स्पेसांनी भरायचा आणि लगेच उभी रेघ. पहिल्या ओळीत सहा इंग्रजी अक्षरं, ही आपली मोजपट्टी. खालच्या चार ओळींत घर, पुढे, राजा, शब्द.

हे शब्द मुद्दाम निवडले आहेत. ‘घर’मध्ये एकही खूण नाही. ‘पुढे’मध्ये जागा न घेणाऱ्या दोन खुणा आहेत, जागा घेणारी एकही नाही. ‘राजा’मध्ये उलट, दोन काने आणि बाकी काही नाही. ‘शब्द’मध्ये फक्त एक जोडाक्षर. एकेक शब्द एकेका चुकीला वेगळं काढतो.

‘घर’ची कड मोजपट्टीपेक्षा ४ सेल डावीकडे आली, तर तुमचा कोड बाइट मोजतोय. ६ बाइट आहेत असं समजून त्याने १४ स्पेसा भरल्या, पडद्यावर शब्दाने जागा घेतली २ सेलांची, बेरीज १६. सी भाषेतल्या प्रिंटएफला रुंदी दिली की हेच होतं. ‘किंमत’सारख्या शब्दाला तर हा फरक ११ सेलांचा पडतो, म्हणून कड मधोमध आलेली दिसते.

‘घर’ जागेवर आहे पण ‘पुढे’ची कड २ सेल डावीकडे, तर कोडपॉइंट मोजले जातायत. पायथनचं एलजस्ट, जावास्क्रिप्टचं पॅडएंड, गो आणि रस्टमधलं फॉरमॅट करताना दिलेलं रुंदीचं माप, या सगळ्यांत देवनागरीसाठी कोडपॉइंटच मोजले जातात. पायथनमध्ये सर्वाधिक दिसणारी चूक हीच. बाइटवाल्या चुकीपेक्षा ती जास्त त्रास देते, कारण फरक थोडा असतो आणि ज्या नावांत उकार-मात्रा नाहीत ती बरोबर दिसतात. मग ‘कधीकधी होतं’ असं नोंदवलं जातं आणि शोध भलत्याच दिशेला जातो.

हे दोन्ही शब्द बरोबर, पण ‘राजा’ २ सेलांनी सरकला, तर तुमच्या मोजणीत आणि टर्मिनलच्या मोजणीत काना-वेलांटीबद्दल मतभेद आहे. कड उजवीकडे गेली असेल तर तुम्ही कान्याला ० धरताय आणि टर्मिनल १ धरतंय. डावीकडे आली असेल तर बरोबर उलट.

आणि फक्त ‘शब्द’ १ सेलने चुकत असेल, तर प्रश्न जोडाक्षराचा. टर्मिनल ‘ब्द’ला एकच सेल देतंय आणि तुम्ही दोन, किंवा याच्या उलट. हा मतभेद अलीकडे जास्त जाणवायला लागला आहे. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये अक्षरगट (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा कोडपॉइंटांचा समूह) पाडण्याचा नियम बदलला आणि देवनागरीतलं जोडाक्षर मधे न तुटता एक गट धरलं जाऊ लागलं. त्याआधी ‘क्षेत्र’चे चार गट पडत, आता क्षे आणि त्र असे दोन पडतात. जुनी सारणी वापरणारी लायब्ररी आणि नवी वापरणारं टर्मिनल एकत्र आले की नेमका हा फरक दिसतो.

एकापेक्षा जास्त ओळी चुकल्या तर वरून सुरुवात करा. ‘घर’ दुरुस्त झाल्याशिवाय खालच्या ओळींच्या आकड्यांना अर्थ नाही.

टर्मिनललाच विचारायचं असेल तर

डोळ्यांनी सेल मोजण्यावर भरवसा नसेल, आणि देवनागरीच्या फॉन्टमुळे तो बरेचदा नसतोच, तर टर्मिनलकडून आकडा काढून घेता येतो. कर्सर ओळीच्या सुरुवातीला न्या, शब्द छापा आणि लगेच कर्सरची जागा विचारणारा क्रम पाठवा: एस्केप, डावा चौकोनी कंस, ६ हा आकडा आणि लहान लिपीतला एन. टर्मिनल उत्तरादाखल एस्केप, डावा चौकोनी कंस, ओळीचा क्रमांक, अर्धविराम, कॉलमचा क्रमांक आणि शेवटी मोठ्या लिपीतला आर पाठवतं. कॉलम १ पासून मोजला जातो, म्हणून त्यातून १ वजा केला की त्या शब्दाची या टर्मिनलवरची खरी रुंदी मिळते. ‘राजा’ला ५ आला तर रुंदी ४, कान्याला स्वतंत्र सेल आहे. ३ आला तर रुंदी २, काना अक्षरातच सामावला.

उत्तर कीबोर्डवरून टाइप केल्यासारखं स्टँडर्ड इनपुटवर येतं. त्यामुळे आधी ओळ-ओळ वाचण्याची पद्धत आणि इको, म्हणजे टाइप केलेलं पडद्यावर उमटणं, बंद करावं लागतं. पायथनमध्ये टीटीवाय मॉड्यूलचं सेटसीब्रेक दोन्ही करतं. आधीची सेटिंग्ज जपून ठेवा आणि फायनली ब्लॉकमध्ये परत लावा, नाहीतर प्रोग्राम मधेच पडला तर शेलमध्ये टाइप केलेलं दिसेनासं होईल. वाचताना वेळेची मर्यादा ठेवा, कारण उत्तर आलंच नाही तर प्रोग्राम तिथेच अडकून बसेल. आणि हे सगळं लायब्ररी पडद्याचा ताबा घेण्याआधी करा. एनकर्सेस सुरू झाल्यावर ते उत्तर तुमच्या कळांच्या रांगेत जाऊन मिसळतं.

टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर ही मोजणी टीमक्सच्या आत एकदा आणि बाहेर एकदा करा. टीमक्स स्वतः एक टर्मिनल आहे, त्याची रुंदीची मोजणी वेगळी चालते, आणि आतले-बाहेरचे आकडे जुळत नसतील तर तुमचा कोड कितीही अचूक असो, चित्र बिघडणारच. एसएसएचने दूरच्या मशीनवर काम करतानाही तीच गोष्ट: प्रोग्राम पलीकडच्या मशीनची सारणी वापरतो, छापणारं टर्मिनल अलीकडचं.

मोजणीत हात घालण्याआधी लोकेल

मराठी अक्षरांच्या जागी टिल्ड, एम आणि आडव्या रेघेच्या जोड्या किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर रुंदीचा विचार बाजूला ठेवा. लायब्ररीला हा मजकूर यूटीएफ-८ आहे हेच कळलेलं नाही. ते तिला लोकेलवरून, म्हणजे भाषा आणि अक्षरपद्धतीच्या सेटिंगवरून कळतं.

सीमध्ये एनकर्सेस वापरताना ती सुरू करणाऱ्या इनिटस्क्रच्या आधी सेटलोकेल या फंक्शनला हाक मारायला हवी, दुसरा पॅरामीटर रिकामी स्ट्रिंग. नंतर मारून चालत नाही. शिवाय लिंक करताना नावाच्या शेवटी डब्ल्यू असलेली, रुंद अक्षरांची एनकर्सेस घ्या. साधी आवृत्ती एका सेलमध्ये एकच बाइट ठेवते, तिथे देवनागरीला जागाच नाही. रुंद आवृत्तीत एका सेलमध्ये एक मूळ अक्षर आणि त्यावर चारपर्यंत जागा न घेणाऱ्या खुणा राहतात. मराठीला हे भरपूर झालं.

कोड बरोबर असूनही कंटेनरमध्ये बिघडतं, याचं कारण बहुतेक वेळा हे: छोट्या इमेजमध्ये लोकेलचं कुठलंच व्हेरिएबल लावलेलं नसतं आणि सगळं पॉझिक्स लोकेलवर चालतं. तिथे डब्ल्यूसीविड्थ देवनागरीला उणे १ देतं. मराठीचं लोकेल तयार करत बसायची गरज नाही, सी-डॉट-यूटीएफ-८ लावलं की काम होतं. जीलिबसीच्या २.३५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, हे लोकेल मुळातच सोबत येतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते आणि ती स्वतःची सारणी बाळगते, म्हणून तिथे चार शब्दांची चाचणी नव्याने करा.

उणे १ चा आणखी एक सापळा. पूर्ण शब्दाची रुंदी काढणारं डब्ल्यूसीएसविड्थ शब्दात एकही न छापण्याजोगं अक्षर सापडलं तर सगळ्या शब्दालाच उणे १ देतं. डेटाबेसमधून आलेल्या नावाच्या शेवटी एखादी नवी ओळ किंवा टॅब चिकटलेला असतो, २० वजा उणे १ म्हणजे २१ स्पेसा भरल्या जातात आणि तेवढी एकच ओळ गळपटते. परत आलेली किंमत तपासल्याशिवाय वापरू नका. मजकूर आत येतानाच साफ करा.

मोजणी कुणाच्या फंक्शनने करायची

तुमची यूआय लायब्ररी आतून जे फंक्शन वापरते, त्याच फंक्शनने. दुसऱ्या कुठल्याही नाही, भले ते जास्त शहाणं वाटो. रॅटाटुई आतून युनिकोड-विड्थ हे क्रेट (रस्टचं पॅकेज) वापरते, तर स्पेसा भरतानाही तेच वापरा. बबल टीसोबत लिपग्लॉसचं विड्थ, टेक्स्चुअलसोबत रिचचं सेल-लेन, सी आणि एनकर्सेससोबत डब्ल्यूसीएसविड्थ. दुसरीकडून आणलेली रुंदी वापरलीत तर टर्मिनल आणि लायब्ररी यांच्यातल्या मतभेदात तुमचा तिसरा आकडा शिरतो, आणि मग सरकण्याच्या आकड्यावरून काहीच ओळखता येत नाही.

मजकूर कापताना मात्र रुंदी एकटी पुरत नाही. ‘शब्द’ दोन सेलांत बसवायला म्हणून कोडपॉइंट मोजून कापला तर ‘शब’ किंवा लंगडा ‘शब्’ उरतो, आणि दोन्ही चूक. आधी अक्षरगट पाडा, मग एकेक गट घेत रुंदीची बेरीज करा, आणि मर्यादा ओलांडणारा गट पूर्ण सोडून द्या. इथे ‘श’ आणि पुढे तीन टिंबांचं चिन्ह एवढंच उरायला हवं. वाचणाऱ्याला अर्धवट अक्षर दाखवण्यापेक्षा एक अक्षर कमी दाखवणं केव्हाही बरं.

मराठीत याच्या जोडीला ‘ऱ्य’ आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवलेला सापडतो: कधी नुक्ता असलेला ऱ आणि पाय मोडल्याची खूण, कधी साधा र, पाय मोडल्याची खूण आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारा जोडणारा कोडपॉइंट). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण पहिल्यात ७ कोडपॉइंट आहेत आणि दुसऱ्यात ८, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही. कोडपॉइंट मोजणाऱ्या कोडमध्ये एकाच नावाच्या दोन ओळी वेगवेगळ्या सरकलेल्या दिसल्या तर इथे पाहा. यादीतल्या शोधपट्टीत डोळ्यांसमोरचं नाव सापडत नसेल तरीही इथेच.

मतभेद टर्मिनलशी असेल तर

‘राजा’ आणि ‘शब्द’वाली चूक कोडमध्ये मोजणी सुधारून जात नाही, कारण वापरणाऱ्याकडे कुठलं टर्मिनल असेल ते तुमच्या हातात नाही. इथे उपाय वेगळा लागतो: मराठी मजकुरानंतर कर्सर कुठे असेल यावर विसंबायचंच नाही.

एस्केप क्रम तुम्ही स्वतः पाठवत असाल, किंवा लायब्ररीचा छापणारा थर बदलता येत असेल, तर तीन पावलं. आधी तो भाग पुसा: सेलांची संख्या देऊन मोठ्या लिपीतल्या एक्सने संपणारा क्रम कर्सर न हलवता तेवढे सेल रिकामे करतो. मग मजकूर छापा. मग कॉलमचा क्रमांक देऊन मोठ्या लिपीतल्या जीने संपणारा क्रम पाठवा, कर्सर थेट त्या कॉलमवर जातो, आणि तिथे कड काढा. मजकूर अपेक्षेपेक्षा कमी जागेत बसला तर मधली जागा आधीच पुसलेली आहे. एखादा सेल जास्त खाल्ला तर कड त्यावर येऊन बसते. दोन्हीकडे कड सरळ राहते. रॅटाटुईत हे बॅकएंडच्या, म्हणजे टर्मिनलला प्रत्यक्ष छापणाऱ्या थराच्या पातळीवर करता येतं. तिथे लागोपाठच्या सेलांसाठी कर्सर हलवण्याचा क्रम पाठवला जात नाही, तेवढाच भाग बदलायचा: मागच्या सेलमधलं अक्षर आस्कीबाहेरचं असेल तर क्रम पाठवायचाच.

एनकर्सेसमध्ये हा ताबा मिळत नाही. कर्सर हलवण्याचा स्वस्त मार्ग ती स्वतः निवडते, आणि तुम्ही कडेसाठी कॉलम सांगून छापलं तरी प्रत्यक्षात ती सलग स्पेसा पाठवून तिथे पोचू शकते. आधी मजकुराचा डूअपडेट (बदल पडद्यावर पाठवणारं फंक्शन) आणि मग कडेचा दुसरा, असं दोन टप्प्यांत केलं तर बरेचदा जमतं, पण हमी नाही. एनकर्सेससाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो मांडणीतला बदल: मराठी मजकूर येणारा रकाना सगळ्यात उजवीकडे न्या आणि उजवी कड काढून टाका. आकडे, तारखा, स्थिती आधी, नाव शेवटी. मजकूर कितीही सरकला तरी त्याच्यापुढे सरकण्यासारखं काहीच उरत नाही. चौकटीच्या हट्टापायी यादी वाचता न येणं हा वाईट सौदा आहे.

काही नवी टर्मिनलं अक्षरगटांनुसार सेल देण्याची एक विशेष अवस्था देतात, क्रमांक २०२७. ती आहे का हे विचारून चालू करता येतं. लायब्ररीही गटांनुसारच मोजणारी असेल तर त्याचा उपयोग आहे. एरवी हात लावू नका, फरक वाढेल.

मागे राहिलेले अक्षरांचे तुकडे

हे वरच्याच मतभेदाचं दुसरं रूप. लायब्ररी जुनं चित्र आणि नवं चित्र ताडून फक्त बदललेले सेल पाठवते. तिच्या हिशेबाने एखादा सेल आधीच रिकामा असेल तर ती तिथे काही पाठवत नाही, पण पडद्यावर सरकलेल्या ओळीचा एखादा काना नेमका तिथे बसलेला असतो.

यावर टचविन आणि रिफ्रेश करून पाहिलं, फरक पडला नाही, अशी तक्रार फार दिसते. पडणारही नाही. टचविन फक्त ‘ही खिडकी बदलली आहे असं समज’ एवढंच सांगतं. पुढे डूअपडेट पुन्हा पडद्याच्या स्वतःजवळच्या चित्राशी ताडून पाहतं आणि त्याला फरक दिसत नाही. लायब्ररीला ‘तुझं पडद्याचं चित्रच चुकीचं आहे’ हे सांगणारं फंक्शन वेगळं आहे: पूर्ण खिडकीसाठी रीड्रॉविन, ठरावीक ओळींसाठी डब्ल्यूरीड्रॉएलएन. यादी सरकवल्यावर फक्त ज्या ओळींत देवनागरी आहे तेवढ्यांना डब्ल्यूरीड्रॉएलएन लावलं तर पडदा लुकलुकत नाही. क्लिअरओके हा शेवटचा इलाज, तो सगळा पडदा पुसून नव्याने काढतो आणि ते डोळ्यांना जाणवतं. रॅटाटुईत टर्मिनलच्या क्लिअरने पुढच्या वेळी सगळं नव्याने काढलं जातं, पण प्रत्येक फ्रेमला ते करू नका.

जिथे कोडची चूक नाही

कड सरळ आहे, पण वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सुटी पडलीय, जोडाक्षरं मोडलेली दिसतायत किंवा अक्षरं सेलबाहेर सांडून अर्धी कापली जातायत, तर रुंदीचं गणित बरोबर आहे. टर्मिनल अक्षरं जोडून आकार देत नाही, किंवा फॉन्ट त्या मापाचा नाही. एक्सटर्म आणि अलाक्रिटी अक्षरजोडणी करत नाहीत, तिथे वेलांटी साठवलेल्या क्रमानेच, म्हणजे व्यंजनानंतर येणार. एमएलटर्ममध्ये भारतीय लिप्यांची सोय आहे. यासाठी कोडमध्ये वेलांटी उचलून पुढे ठेवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. कृपया करू नका. जिथे अक्षरजोडणी नीट होते तिथे तोच मजकूर कायमचा बिघडतो.

मराठी मजकूर ठीक, पण चौकटीच्या आडव्या रेघाच दुप्पट लांब किंवा तुटक दिसत असतील, तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये संदिग्ध रुंदीची अक्षरं दोन सेलांची धरण्याचा पर्याय कुणीतरी चालू केलेला आहे. चौकटीच्या रेघा त्याच वर्गात मोडतात. तो पर्याय बंद करा.

लिहिण्याच्या जागेबद्दल थोडक्यात. एनकर्सेसमध्ये गेटसीएचऐवजी गेट-डब्ल्यूसीएच वापरा, नाहीतर एक अक्षर तीन तुकड्यांत हाती येतं. डाव्या-उजव्या बाणाने कर्सर पूर्ण अक्षरगट ओलांडून जायला हवा, पण बॅकस्पेसने शेवटची खूण तेवढी पुसली जावी. ‘किं’ लिहून अनुस्वार नको झाला तर लिहिणाऱ्याला पूर्ण अक्षर पुन्हा टाइप करायला लावू नका.

लायब्ररीच्या कर्त्यांकडे तक्रार नोंदवायची वेळ आली तर पडद्याच्या चित्राच्या जोडीला एवढं द्या: चार शब्दांसाठी टर्मिनलने सांगितलेले कॉलमचे आकडे, त्याच शब्दांसाठी लायब्ररीच्या रुंदीच्या फंक्शनने दिलेले आकडे, टर्मिनलचं नाव आणि आवृत्ती, लोकेल, आणि मधे टीमक्स किंवा एसएसएच आहे का. देवनागरी न वाचता येणाऱ्या माणसालाही या आठ आकड्यांवरून दोष कुठे आहे ते दिसतं, आणि ज्या शब्दाचे दोन आकडे जुळत नाहीत तो त्याला थेट आपल्या टेस्टमध्ये टाकता येतो.